कमी पाण्याचा डाव

पोकर मला आमच्या तात्यांनी शिकवलं म्हणलं तर हसाल, पण ऐका. मोबाईलवर बिनपैशाची स्पर्धा हुती. शेवटी टेबलावर उरलो मी आन् माझा अकोले तालुक्यातला, धरणाच्या पाण्यावर शेती करणारा मेहुणा. त्याच्याकडं चिप्सचा, म्हंजी डावाला लावायच्या चकत्यांचा ढीग, माझ्याकडं मूठभर. त्याबी मी दर डावात थोड्या थोड्या घालवत हुतो.

कांद्याला पाणी देता देता माझे वडील, तात्या, मोबाईलात डोकावले. "विहिरीत पाणी कमी असलं की सगळ्या वाफ्यांना शिंपडतो का आपन?"

"न्हाई तात्या, एकच चांगला वाफा भिजवतो."

"मंग?"

मी भिकार पानं आली की डाव सोडून देत बसलो. दोन एक्के आले तशा सगळ्या चिप्स लोटल्या. मेहुण्यानं भिकार पानांवरबी तेवढंच लावलं आन् हारला. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच, आन् सगळा ढीग माझ्याकडं!

लगेच त्याचा फोन. "दाजी, हे झालं कसं?"

तात्यांनीच फोन हिसकावला. "पाव्हणं, अकोल्यात धरणाचं पाणी लई हाय, म्हणून कुठंबी सोडायचं व्हय?"