बेजार

एका शब्दापायी मी चार दिवस सरोजाक्कांना तोंड दाखवलं नव्हतं, सांगते ना. सरोजाक्का म्हणजे आमच्या बोगादीच्या घरमालकीणबाई, खालीच राहतात. मराठीच, पण कित्येक पिढ्या इथल्या, म्हैसूरच्या.

मी नोकरी सोडून पुण्याच्या एका फोनची वाट बघत होते. एका जागी बसवत नव्हतं, जेवण जात नव्हतं. मग एका जुन्या सिनेमातला, नायिका पत्राची वाट बघते तिथला बासरीचा तुकडा लावायचा आणि घरभर फिरायचं. संपला की पुन्हा तोच.

एका सकाळी अक्का जिन्यात म्हणाल्या, "बेजार करू नको गं."

मी ओशाळले. कानात इअरफोन घातले, आणि अक्का दिसल्या की मागच्या मागे पसार.

पाचव्या दिवशी त्याच डबा घेऊन वर आल्या. "बासरी का बंद केलीस? मी खाली शिवताना ऐकत होते की."

"तुम्हीच म्हणालात ना, बेजार करू नको?"

"अय्यो, फोन येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नको म्हटलं मी. बेजार म्हणजे कन्नडात वाईट वाटणं."

तेवढ्यात फोन आला. बोलून झाल्यावर मी जवळजवळ ओरडलेच, "अक्का, झालं काम. पुढच्या महिन्यात पुण्याला."

"चांगलं झालं," म्हणत त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. दारापाशी जाऊन थांबल्या. "ती बासरी लाव बघू एकदा, मोठ्यानं. मला आत्ताच बेजार झालं."

मी लावली. आणि मीही बेजार झाले, कन्नडात.