वकीलबाईंचा प्रश्न

उरणच्या एसटी स्टँडवर पनवेलच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

“आई, मामाच्या हक्कसोडीच्या कागदावर सही करणार आहेस का?”

“न्हाय केली तर माहेर तुटंल, हेमाली. बाबा जाऊन तीनच महिने झालेत.”

“केलीस तर आजोबांच्या जमिनीतला तुझा हिस्सा गेला. निदान आपला वेगळा वकील तरी करूया.”

“दादाचा वकील म्हनला, वेगळा कशाला, मीच दोघांचं बघतो.”

“तो मामाचंच बघणार. आज भेटलो त्या वकीलबाई का नकोत? सगळे कागद वाचले त्यांनी.”

“नको कुठं म्हनलं मी?”

“मग मघापासून गप्प का आहेस?”

“तिनं मला इचारलं, ताई, तुम्हाला स्वतःला काय हवंय?”

“आणि तू काहीच बोलली नाहीस.”

“काय बोलनार? साठ वर्सांत कुनी इचारलंच नव्हतं.”

गाडी लागली. रांग पुढे सरकली.

“चढ, आई.”

“ही जाऊ दे. तिचं हापिस अजून उघडं असंल. आता सांगता येईल मला.”