एकोणिसाव्या शतकातली केरसुणी

...आणि वर मलाच विचारतात, तहसीन उस्ताद, एवढं चिडायला झालं काय? झालं काय म्हणजे? अहो, माझ्या आईची केरसुणी काचेच्या कपाटात ठेवलीय, वरून पिवळा दिवा सोडलाय, आणि खाली पाटी काय, तर 'झाडू, एकोणिसावं शतक'! आई माझी त्र्याऐंशी वर्षांची. केरसुणी पंधरा वर्षांची. शनिवारच्या बाजारातून मी स्वतः आणलेली, ज्वारीच्या काडांची, चार ठिकाणी घासाघीस करून. तरी तुम्हाला सांगतो, ती पाटी वाचली आणि मी गप्प बसलो. मी गप्पच बसतो. गावाला विचारा.

आता सेफर पाशाचा, म्हणजे सुलतानाच्या त्या जुन्या सरदाराचा, मकबरा आमच्या बापाचा नाही, हे मलाही कळतं. पण किल्ली कुणाच्या घरात होती? आजोबांच्या काळात सरकारनं सगळ्या मकबऱ्यांना कुलपं ठोकली, तेव्हासुद्धा माझे आजोबा मागच्या खिडकीतून आत उतरायचे, केर काढायचे आणि खिडकीतूनच बाहेर यायचे, साठीत, पाठीत उसण भरलेली असताना! आजोबांनंतर त्यांची सून, म्हणजे माझी आई. दर गुरुवारी दुपारी. शुक्रवार उजाडायच्या आत पाशाचं घर लख्ख पाहिजे म्हणजे पाहिजे, मग बर्फ पडो, ताप येवो, काही होवो. माझ्या जन्माच्या वेळी तिचे दोन गुरुवार चुकले. एकसष्ट वर्षांचा झालोय मी, अजून ऐकतोय, 'तुझ्यापायी माझे दोन गुरुवार गेले.'

तर सात वर्षांपूर्वी एका सकाळी मकबऱ्याभोवती पत्रे ठोकले. काय, तर दुरुस्ती. किती दिवस? आठ महिने. आठ महिने म्हणाले आणि सात वर्षं लावली! एवढ्यात पाशानं दोन किल्ले जिंकले असते. आणि केरसुणी कुठं? आत, दाराआड, आई ठेवायची तिथंच. आई रोज काठी टेकत जायची, पत्र्याच्या फटीतून एका डोळ्यानं बघायची आणि परत यायची. तिसऱ्या वर्षी तिचे गुडघे गेले, त्या दिवशी तिनं पत्र्याला कपाळ टेकलं आणि नवस बोलली. 'पाशा, माझ्या डोळ्यांदेखत तुझं दार उघडू दे, माझ्या त्याच केरसुणीनं तुझा केर काढीन.' आता मला सांगा, 'त्याच' म्हणायची काही गरज होती? नुसतं 'केरसुणीनं' म्हटलं असतं तर आज मी घरी पाय पसरून बसलो नसतो? पण बोलली ती बोलली. आमच्यात न फेडलेला नवस म्हणजे मानेवरचा दगड, माणूस जातो आणि दगड राहतो. चार वर्षं तिचं एकच, 'हे राहिलं तर वर जाऊन पाशाला तोंड काय दाखवू मी?' आणि मी काय बोलणार? मी गप्प.

शेवटी उघडलं एकदाचं दार. मकबरा पण आणि शेजारच्या खोल्यांत म्युझियम पण. परवाच्या गुरुवारी आईला घेऊन गेलो. नवी पांढरी ओढणी, खिशात पाशासाठी गुलाबपाण्याची बाटली. दारात गल्लीतला पोरगा जेवदेत आडवा! आता रखवालदार झालाय, छातीवर बिल्ला, कानात वायर. ह्या जेवदेतला सुंतेच्या दिवशी, डोक्यावर पिसांची टोपी घालून, ह्याच मकबऱ्यात आणलं होतं, भोकाड पसरून अर्धं गाव गोळा केलं होतं त्यानं, माझ्या आईनं तोंडात लोकुम मिठाईचा तुकडा कोंबला तेव्हा थांबला. तो जेवदेत म्हणतो, 'आजी, चपला काढायच्या नाहीत हं आता, वरून हे चढवा.' आणि हातात निळ्या प्लास्टिकच्या दोन पिशव्या! आई म्हणते, 'मेल्या, पाशाच्या घरात पायताण?' तो म्हणतो, 'आजी, नियम आहे.' म्हणजे आपलीच मोरी... आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. आईनं चपला काढल्याच. मोज्यांवरून पिशव्या चढवल्या आणि चुर्र चुर्र करत आत गेली. मी बुटांवर चढवल्या. गप्प बसून चढवल्या.

आत पाटी. मेणबत्ती लावू नये. चिंध्या बांधू नयेत. नवस बोलू नये. कबरीला हात लावू नये. आत झोपू नये. झोपू नये! अहो, तिथं एकटा पाशा झोपलाय, त्याला सांगा की! आई दाराआड बघते तर कोपरा रिकामा. 'तहसीन, माझी केरसुणी?' मी म्हटलं, बघू. म्हणून गेलो म्युझियमच्या खोलीत. पहिल्या कपाटात पाशाची तलवार, खाली बारीक अक्षरात, की पाशाची नव्हे, पण त्याच सुमाराची. दुसऱ्यात एक तपेलं. आणि तिसऱ्यात आई नाक लावून उभी. 'तहसीन, ही इथं काय करते रे?'

आणि पाटीवर पुढं काय लिहिलंय माहितेय? 'मुठीवरील तारकाम हा उस्मानी धातुकलेचा सुबक नमुना.' अहो, ती तार माझी! मूठ सुटत होती म्हणून धुराड्याच्या तारेचे सात वेढे मीच मारले होते, दुकानात उभ्या उभ्या, तोंडात सिगारेट धरून. चाळीस वर्षं ह्या गावाला शेगड्या आणि धुराडी करून दिली, एक माणूस कधी 'सुबक' म्हणाला? 'उस्ताद, धूर गळतो,' एवढंच ऐकलं जन्मभर. आणि जिथं सुबक म्हटलं, तिथं मला दोनशे वर्षांपूर्वी मारून टाकलं!

मग आल्या त्या म्युझियमच्या संचालिका बाई, बेर्राक हानम. शहरातल्या, शिकलेल्या, आवाज थंड ताकासारखा. 'साहेब, काही अडचण?' मी म्हटलं, ही केरसुणी माझ्या आईची आहे. 'साहेब, ही वस्तू नोंदलेली आहे. क्रमांक एकशे चौदा.' मी म्हटलं, ही तार बघा, मी गुंडाळलीय. 'तार नंतरची दुरुस्ती असू शकते.' कुणाची? 'अज्ञात कारागिराची.' मी तिच्यापुढं उभा, तिच्या नाकासमोर, सहा फुटांचा अज्ञात! मी म्हटलं, बरं, राहू दे शतक, केरसुणी द्या. 'त्यासाठी अंकाराच्या समितीकडे अर्ज करावा लागेल. दोन-तीन वर्षं लागतात.' तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझी बाही ओढली आणि त्या बाईंना हळूच म्हणाली, 'पोरी, दोन-तीन वर्षं मला कुणी दिलीत गं?' आणि नवसाचं सगळं सांगितलं. पत्र्याची फट, गुडघे, सगळं.

बाईंनी एकदा कपाटाकडं बघितलं, एकदा आईकडं. जेवदेत कानातली वायर चाचपायला लागला. मग बेर्राक हानम म्हणाल्या, 'देखभालीसाठी वस्तू कपाटाबाहेर काढता येते. पंधरा मिनिटं. हातमोजे घालून.' चांगली निघाली हो बाई, खोटं कशाला बोलू, राग असला तरी. कपाट उघडलं, आईच्या हातात पांढरे सुती हातमोजे चढवले, केरसुणी दोन्ही तळव्यांवर, नवजात पोर द्यावं तशी, तिच्या हाती दिली. आम्ही सगळे मिरवणुकीनं पाशाकडे. आई कबरीपाशी वाकली, बिस्मिल्ला म्हणाली, आणि तशीच थांबली.

'केर कुठाय?'

अहो, फरशी आरशासारखी! रोज सकाळी यंत्र फिरवतात म्हणे, धूळ ओढून घेतं. आई म्हणते, 'केर नाही तर काढू काय? रिकामी केरसुणी फिरवून पाशाला फसवू?' बेर्राक हानम म्हणतात, 'आजी, प्रतीकात्मक.' आई म्हणते, 'नवस काय प्रतीकात्मक बोलले होते मी?' जेवदेत रांगत रांगत कोपरे शोधतोय, एक काडी मिळेना. बाई घड्याळ बघतायत, बारा मिनिटं राहिली. आई माझ्याकडे बघतेय, आणि तिचे डोळे भरलेत. सात वर्षं थांबली, केरसुणी हातात आली, आणि धूळ नाही म्हणून नवस अडला! इथवर मी गप्प होतो. इथून पुढं नाही.

तरातरा बाहेर गेलो. निळ्या पिशव्या फाडून फेकल्या. गुलाबांच्या वाफ्यात उतरलो, दोन्ही बूट मातीत खसाखसा घोळवले, आणि तसाच आत येऊन पाशाच्या चारी बाजूंनी फिरलो. थाड थाड! एकसष्ट वर्षांत स्वतःच्या उंबऱ्याआत बूट नेला नाही मी, तुम्हाला सांगतो. भिंतीवरचं यंत्र कोकलायला लागलं, जेवदेत 'उस्ताद, उस्ताद' करतोय. आणि आईला काय वाटलं असेल, पोरगं कामाला आलं? छे! तिनं ती एकोणिसाव्या शतकातली केरसुणी उगारली आणि हाणली माझ्या पाठीत. 'पाशापुढं बूट? बूट, नालायका? तुझ्या आजोबांनी खिडकीतून उडी मारताना जोडे दातात धरले होते!' दोन पाठीत, एक पायावर. उस्मानी तारकाम चांगलंच मजबूत आहे, मी सांगतो.

मग दम लागल्यावर तिनं खाली बघितलं. माती दिसली तिला. हातमोजे काढून माझ्या हातात कोंबले आणि वाकली. काय काढला हो केर! गुडघे कुठं दुखत होते कुणास ठाऊक. कोपऱ्यापासून कबरीपर्यंत, कबरीपासून दारापर्यंत, पूर्वीच्याच क्रमानं. बेर्राक हानमनी स्वतः सुपली धरली. पंधराची पंचवीस मिनिटं झाली, कुणी घड्याळ बघितलं नाही. शेवटी तिनं कबरीच्या लाकडाला हात लावला, जेवदेत छताकडं बघत राहिला, आणि म्हणाली, 'फिटलं रे पाशा.' मी रडलो. मान्य करतो, हातमोज्यांनी डोळे पुसले.

आता इथं थांबावं की नाही माणसानं? पण नाही. हात कबरीवरून काढेचना. माझ्याकडं बघितलं, माझ्या बुटांकडं बघितलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाली, 'पाशा, एकच मागणं राहिलं. माझ्या ह्या पोराचा राग शांत होऊ दे. ज्या दिवशी होईल, त्या गुरुवारी ह्याच केरसुणीनं पुन्हा तुझा केर काढीन.'

ह्याच! बेर्राक हानमनी ऐकलं आणि भिंतीला टेकल्या. केरसुणी पुन्हा कपाटात गेली, आता कुलपं दोन आहेत. रस्त्यात जेवदेत भेटतो तेव्हा हात जोडतो, 'उस्ताद, चिडलेलेच राहा.' बायको म्हणते, निवळा जरा. डॉक्टर म्हणतो, रक्तदाब. मला कळत नाही का? पण मी निवळलो, की पुन्हा अर्ज, पुन्हा हातमोजे, पुन्हा गुलाबाचा वाफा, आणि पुन्हा माझीच पाठ. तेव्हा चहा मागवा माझ्यासाठी, पण साखर नको. गोड पोटात गेलं की राग उतरतो माझा, आणि ते आता परवडणारं नाही.