अजोनोची नळी

—नाही नाही, उठू नका तोतो, बसा. चहा घेतल्याशिवाय कशा जाल? मातृसंघाच्या अध्यक्षबाई तुम्ही, सगळ्यांच्या आई, म्हणून तर तोतो म्हणतो आम्ही तुम्हाला — आणि लॉइस आचोमच्या अंगणातून चहा न घेता गेलात, तर गाव म्हणेल, हिनं त्यांनाही अजोनोच पाजली. हसा हो, हसा. कशाला आलात ते ठाऊक आहे मला. नाचणीची दारू पिते म्हणून माझा बिल्ला काढून ठेवलाय संघानं, त्याचंच ना?

पेरुसीनं सांगितलं, हेही ठाऊक आहे. माझी नणंद, गोड गळ्याची, गायकवृंदात पहिल्या रांगेत. त्या रविवारी चर्चमध्ये मी चष्मा काढायला पर्समध्ये हात घातला, आणि चष्म्याआधी बाहेर आली ती नळी — पडली ती नेमकी पेरुसीच्या पायाशी. दुसरी कुणी असती तर उचलून दिली असती. पेरुसीनं आधी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पाळकसाहेबांकडे. आता आपल्या तेसो मुलखात अजोनो ओढतातच नळीनं, मग बाईच्या पर्समधून नळी निघाली तर माणूस दुसरं काय समजणार? मी असते तरी तेच समजले असते. त्यात मी दर उपासनेला दुसऱ्या वाचनानंतर उठून मागे जाते — जाते ना? — जाताना कपाळाला आठ्या, आणि येताना चेहरा कसा, देवदूत भेटल्यासारखा फुललेला! पुरावा पक्का आहे तोतो. मीच न्यायाधीश असते तर मलाच शिक्षा ठोठावली असती.

पण एक सांगा, तुमच्या माहेरी अंगणात माठ असायचा की नाही? भोवती म्हातारे गोल बसलेले, आणि माठातून निघालेल्या त्या लांबच लांब नळ्या? मग ही बघा. — अहो बघा, चावत नाही, साबणानं धुतलेली आहे. — वीतभर. हिनं अजोनो प्यायची तर मला माठात डोकं घालून पाय वर करावे लागतील. मातृसंघाची बाई, निळा-पांढरा गोमेसी नेसलेली, आणि पाय आभाळात!

दारूची नाही ही. ही… थांबा हं. बोलायचं ठरवूनच बसले होते, आता जीभ अडली. ही पाणी आत घ्यायला नाही, बाहेर काढायला. तोंडाकडून नाही हो — खालून. कळलं? कळलंच. चहात बघायला लागलात तुम्ही.

माझ्या ओकिरोरच्या पाठचा होता ना, जो रडलाच नाही — त्या बाळंतपणाचं हे. अडला, फार अडला… ते जाऊ दे. तो गेला आणि जाताना दार उघडं टाकून गेला. सारखं गळायचं. चालताना, बसताना, प्रार्थनेत डोळे मिटले की सुद्धा. आधी मी मागच्या बाकावर गेले, मग दाराशी, मग घरीच. लोक म्हणाले, लॉइसला गर्व झाला. वर्षानुवर्षं असं. मग मोठ्या इस्पितळात शिवलं त्यांनी. मी देवाला म्हणत होते, गळती थांबव रे बाबा — नीट सांगायला हवं होतं. त्यानं अशी थांबवली की थेंब सुटेना! आधी दार लागेना, आता उघडेना. पोटाचा नगारा. तेव्हा तिथल्या नर्सनं एका हातात ही नळी दिली, दुसऱ्या हातात आरसा. म्हणाली, बघ. म्हटलं, काय बघू? म्हणाली, तुझंच आहे. अहो, नातवंडं आहेत मला, आणि त्या जागेची नि माझी ओळख करून द्यायला परकी पोर लागली! मी डोळे मिटून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं, तर म्हणते कशी, प्रार्थना करा आजी, पण डोळे उघडे ठेवून. पहिल्या दिवशी नळी सगळीकडे गेली, जायचं तिथं सोडून.

काय हे जिणं, असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटलं. दिवसातून किती वेळा हात धू, नळी धू, आडोसा शोध. आणि वर गोमेसी! तो कमरेचा पट्टा सोडा, ढीगभर कापड दातात धरा, चर्चमागच्या संडासात अंधार, आणि मी बगळ्यासारखी एका पायावर. घाईत हात न धुता केलं तेव्हा ताप भरला, तोही भोगला. पण तोतो, लेकीकडे सोरोटीला बसनं जाऊन आले मी. बसनं! कोरडी गेले, कोरडी आले, कुणी नाक मुरडलं नाही. पाणी पिते आता, तहान लागेल तेवढं. इतकी वर्षं तहान मारत होते, हे पोटभर प्यायल्यावर कळलं मला. आणि चटईवरून पलंगावर आले. ओकिरोरचे वडील म्हणाले, लॉइस, ती चटई गुंडाळ आता, पाहुण्यांना होईल. सकाळी नळी वाळवायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. परवा तर म्हणाले, आधी नळी करून ये, सावकाश ये, मी जागा आहे — अगं बाई! काय बोलून गेले हे मी! हे कमिटीत नका सांगू. चहा घ्या, चहा निवतोय.

काय म्हणता? — हं. रविवारी बिशपसाहेब येतील, त्यांच्यासमोर गुडघे टेकायचे, ‘प्यायले, क्षमा करा’ म्हणायचं, बिल्ला परत मिळेल, आणि ही गोष्ट तुमच्या-माझ्यात राहील. मायेनं सांगताय, कळतंय मला. खोटं कशाला बोलू, मोह होतो. दारूला निदान क्षमा आहे. दारूला शब्द तरी आहे! याला चारचौघांत म्हणायला शब्दच नाही. ‘पाणी सोडणं’ म्हणू? शेताला पाणी सोडते वाटेल. ‘औषध’ म्हणू? मग कुठलं दुखणं म्हणून गावभर पैजा. पण बिल्ला लावताना देवापुढं वचन दिलंय मी. न केलेल्या पापाची क्षमा मागायची म्हणजे त्यालाच फसवायचं, आणि तेही त्याच्याच घरात, गुडघ्यावर बसून?

आणि ती आमोंगिन. ओपोलोतची सून हो, कोवळी पोर, हल्लीच बाळ गेलं तिचं. उपासनेला चर्चबाहेर चिंचेखाली बसते, आत येत नाही. तुम्हीच ना म्हणालात, फार गर्व झालाय तिला? तोतो, मी तिच्या जवळून गेले त्या दिवशी. वारा आला. माझाच जुना वास होता तो. काल बोलायला गेले तिच्याशी, तर घाईनं उठून गेली. जाणारच ना. दारुड्या बाईजवळ कोण बसेल?

तेव्हा बिल्ला राहू दे तुमच्याकडेच. रविवारी मी गुडघे टेकणार नाही. उभी राहीन आणि तोंडात येईल तो शब्द बोलेन. पेरुसी खोकेल, खोकू दे. बिशपसाहेब छताकडे बघतील, बघू देत. तुम्ही एवढंच करा — चिंचेकडच्या खिडक्या त्या दिवशी उघड्या ठेवायला सांगा. पाऊस आला तरी.

सांगाल ना?

…बरं. आता मात्र उठा तोतो. खरंच उठा — माझी वेळ झाली.