बांधावरची वायर

सोनाबाई : भावोजी, तो कोयता आधी उंबऱ्याबाहेर ठेवा. आजाऱ्याच्या खोलीत असं येतात व्हय?

हिरामण : बाजूला हो वयनी. गेल्या महिन्यात तुझ्या नवऱ्याला जिता केला, तो याच हातांनी. आज याच हातांनी तोडतो.

भिवाजी : येऊ दे त्याला, सोना. सख्खा भाऊ हाय. दारात काय अडवतेस?

हिरामण : सख्खा? थोबाड सांभाळ, दादा! आज तुझी वायर गोळा करायला गेलो. त्या दिवशी तू भाताच्या कोपऱ्यात पडलेलास, म्हणून वाटलं, डुकरांसाठी आपल्या भाताभोवती लावली असशील. ती तर पुढं पार सामाईक बांधावर गेलेली! खांबावर आकडा टाकून वीज सोडलीस, ती माझी भाविका शाळेला जाते त्या वाटेवर?

सोनाबाई : अगं आई गं! अहो, मला तर तुमी बोलला नाय!

भिवाजी : डुकरं बांधावरनंच उतरतात. मला भात दिसलं. पोरगी नाय दिसली.

हिरामण : नाय दिसली!

भिवाजी : मनातच आली नाय रं. रात्री आकडा टाकायचा, उजाडायच्या आत काढायचा. त्या दिवशी काढायचा विसरलो आन् माझाच पाय पडला. मी नसतो पडलो, तर मागनं तीच येणार होती. डोळे मिटले की तेच दिसतं.

हिरामण : आन् मी येडा! काठीनं तुला वायरीवरनं ढकलला. श्वास नव्हता. कंपनीत रबरी बाहुल्यावर शिकवलेलं, तसा तुझी छाती दाबत बसलो. बरगड्या कडाकड मोडल्या तरी थांबलो नाय. का नाय थांबलो मी?

भिवाजी : तिकडं काय नाय रं, हिऱ्या. यम नाय, रेडा नाय. नुसतं गप्प. मग एकदम तुझी शिवी ऐकली. आईवरनं. अरे गाढवा, आई आपली एकच!

सोनाबाई : हसताय काय! हे जीव घ्यायला आलेत तुमचा!

भिवाजी : श्वास घेतला की दुखतं, सोना. दुखलं की कळतं, आला. पन्नास वर्षं येतच होता, कधी बघितलं मी त्याच्याकडं? आता कोंबडा आरवला तरी डोळ्यात पाणी येतं. तुझं आळणी कालवणसुद्धा गोड लागतं. हिऱ्या, हे तू दिलंस. परत मागतोस, तर मी अडवायचा कोण? पण मला जगायचं हाय रं. लई जगायचं हाय.

हिरामण : तिला नव्हतं जगायचं? दहावीला हाय ती! तुझ्या चार पोती भातापायी, हरामखोरा...

सोनाबाई : गळा सोडा! भावोजी, गळा सोडा त्यांचा!

(कोयता फरशीवर पडतो. भिवाजीला खोकल्याची उबळ येते ती थांबतच नाही.)

सोनाबाई : ओठ बघा! ओठ निळे पडले!

हिरामण : उशी! उशी दे, वयनी. दादा, छातीशी आवळ. आवळून खोक, डॉक्टरनं सांगितलं नव्हतं? उठ. माझ्यावर टेक.

भिवाजी : दुखतं... रं...

हिरामण : दुखू दे, मेल्या. मी तुला माफ केलेलं नाय. ऐकतोस ना?

भिवाजी : ऐकतो.

सोनाबाई : भावोजी, मी पाठीला धरते.

हिरामण : धर. दादा, हळू. नाकानं घे. हां, आला. सोड. आता आणखी एक घे.