चार-चार तासांनी

—हो, लसूणच तो, वास बरोबर ओळखलात. पण आधी सगळी केस ऐकून घ्या, ताई, मग तोंड वाकडं करा. बत्तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर होतो मी—बाटलीला कागदाची पट्टी कातरून चिकटवायची, डोसाच्या खुणा करायच्या, ते सगळं या हातांनी केलंय—तेव्हा पेशंट कसा सांभाळायचा हे मला तुमच्या नर्सरीत येऊन शिकायचं नाहीये. हे ऑर्किड आमच्या हिचं. ही सध्या माझ्या मेव्हणीकडे गेलीय, चार दिवस. म्हणजे चार दिवस म्हणून गेली, आता सात आठवडे होतील, पण तो विषय वेगळा. तर जाताना म्हणाली, आठवड्यातून एकदा पाणी द्या, बाकी हात लावू नका. बरं म्हटलं. आणि तिची पाठ वळते न वळते तोच फुलं गळायला लागली—आज एक, उद्या दोन—आठ दिवसांत नुसती काडी उरली. आता मी काय हातावर हात ठेवून बसायचं होतं?

मग सुरू केली ट्रीटमेंट. आधी कुंडी उलटी केली तर आत काय, कोळसे आणि लाकडाच्या ढलप्या—मातीचा कण नाही. उपाशीच ठेवलेलं म्हणायचं बिचारं. चांगली काळी माती भरली, दाबून. सकाळी तांदळाचं धुवण, दुपारी केळ्याच्या सालीचं पाणी, संध्याकाळी लसूण ठेचून, मुळांना दालचिनीची पूड, पानं दुधाने पुसायची—चार-चार तासांनी काही ना काही. वही आहे, ही बघा. एक डोस चुकलेला नाही. तरी पान पिवळं पडलंच. मग डोस वाढवला.

वही जुनीच आहे, हो. सुरुवातीची पानं हिची आहेत, ती नका बघू—बघितलीत? बरं, बघा आता. ही अडतीस वर्षं पोस्टात शिक्के मारून रिटायर झाली आणि खिडकीत बसायला लागली. नुसती बसायची, तासन्‌तास, या झाडाशेजारी. म्हटलं, काहीतरी बिनसलंय. सकाळी ताप बघायचा, संध्याकाळी ब्लडप्रेशर, आल्याचा काढा, वाफ, पायाला तेल—काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. एकदा म्हणाली, अहो, मला काही झालेलं नाही, जरा बसू द्या ना. बोलताना जीभ कोरडी दिसली, म्हणून मी तोंडात थर्मामीटर घातला. दुसऱ्या दिवशी बॅग भरली. टेंपरेचर नॉर्मल होतं, तिथे लिहिलंय बघा.

आता रविवारी येतेय. राहायला नाही—झाड न्यायला. म्हणून म्हणतो, हे जगणार नसेल तर असंच दुसरं द्या, जांभळ्या फुलांचं, कुंडी हीच वापरू, तिला कळणार नाही. कळेल म्हणता? हं. कळेलच.

काय? परत सांगा. आजारी नव्हतंच? बहर संपला की फुलं झडतात—अशीच, आपोआप—आणि मग काही महिने ते नुसतं बसून असतं?

मग मी इतके आठवडे औषध कोणाला पाजत होतो, ताई?

सावकाश कापा, सावकाश. ते मऊ पडलेलं मूळ गेलं, समजलं मला. तेही गेलं. आणि हे हिरवं टोक? नवं मूळ? एवढ्या सगळ्यातून? चिवट आहे हो. नाही, नाही लावत हात, बघतोय फक्त. मग आता पुढे काय द्यायचं? काहीच नाही? म्हणजे दिवसातून एकदा तरी थोडंसं... काहीच नाही. पाणीसुद्धा पुढच्या आठवड्यात. बरं.

मग असं करा, इथेच ठेवून घ्या. घरी नेलं तर माझा हात गेल्याशिवाय राहायचा नाही, मी मला ओळखून आहे. हिला फोन करून सांगतो, परस्पर इथूनच ने म्हणून. तिलाही तेच सोयीचं. म्हणजे घरापर्यंत यायची तिला काही गरजच—

द्या इकडे ती कुंडी. नाही, घरीच नेतो. खिडकीत ठेवतो आणि शेजारी बसतो—हो, नुसता, दोन्ही हात मांडीखाली घालून बसतो, मग तर झालं? येईल तेव्हा बघेल तीच. वही राहू द्या तुमच्याकडे. आणि माझ्याकडे असं बघत काय उभ्या राहिलात, ते मागे कधीचे थांबलेत, त्यांचं बघा.