आतून कडी

तपासनीस : मामा, दारापासून जरा बाजूला होता का?

मामा : मी? मी इथं बराय मॅडम. इथं वारा चांगला येतो.

तपासनीस : खिडकी तिकडं आहे.

मामा : खिडकीतला वारा मला सोसत नाही, गुडघे धरतात. तुम्ही पलंग बघा ना. गादी कालच उन्हात टाकलेली. चादर बघा. ही बेल बघा उशाशी. दाबून बघा, खाली सिस्टरच्या खोलीत कशी कोकलते ती. गेल्या वर्षी तपासणीला आलात तेव्हा बंद होती. ध्यानात ठेवून दुरुस्त केली.

ताई : मामा, टॉवेल पडला.

मामा : कुठला?

ताई : तुझ्या पाठीमागचा. ज्याच्यासाठी मघापासून दाराला चिकटून उभा आहेस तो.

तपासनीस : ही कडी आहे का?

मामा : कुठं? ... अरेच्चा. हो की. कडीच दिसतेय.

ताई : दिसतेय म्हणे! स्वतः बसवलीये यानं.

मामा : तू कुणाच्या बाजूनं आहेस गं?

ताई : कडीच्या.

तपासनीस : मामा, अपंगांच्या निवासात राहणाऱ्यांच्या खोलीला आतून कडी चालत नाही. ठाऊक आहे ना?

मामा : आहे. म्हणून तर टॉवेल टांगला. हे बघा मॅडम, मॅनेजर साहेबांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्या नावावर घालू नका, माझ्या घाला. माझी अशी किती नोकरी राहिलीये?

तपासनीस : नावावर घालायचं नंतर बघू. का बसवली? ताई, तुम्ही सांगता?

ताई : त्यालाच सांगू द्या. त्याला आवडतं. चुकला तर मी आहेच.

मामा : चुकतोय कशाला! तर काय झालं, एक दिवस आले पाहुणे. इथं येतात ना भेट द्यायला, गाड्या भरून, बायकापोरं, फळांच्या पिशव्या. साहेब सगळ्यांच्या पुढं. हे आमचं स्वयंपाकघर, ही आमची व्यायामाची खोली, हा आमचा अमुक, तो आमचा तमुक. असं दाखवत दाखवत जिना चढून वर आले आणि दिलं हे दार ढकलून. टकटक नाही, हाक नाही. आत मावशी ताईचे कपडे बदलत होती. वरचे काढलेले, दुसरे घालायचेत, अशी अवस्था. आणि दारात ही वरात! मी मागून धावलो, पण माझ्या पायांना धावणं ठाऊक आहे का?

ताई : एक जण म्हणाला, अरे वा, स्वच्छ आहे हो!

मामा : खोलीला म्हणाला.

ताई : तशी आशा आहे. आणि जाताना केळी ठेवली. माझ्या मांडीवर.

मामा : ही रात्रभर बोलली नाही. जिची टकळी माझ्यासमोर कधी बंद नसते, ती बाई गप्प. म्हटलं, खड्ड्यात गेला नियम. दुसऱ्या दिवशी अडगळीच्या खोलीची ही आकड्याची कडी काढली नि इथं ठोकली. बघा, चाकाच्या खुर्चीत बसून हिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. उजवा हात थरथरतो म्हणून डाव्या अंगाला.

तपासनीस : काम चांगलं केलंय.

मामा : मग!

तपासनीस : म्हणूनच काळजी वाटते. मामा, मी अशी पुष्कळ घरं तपासते. त्यातल्या एका घरात एक जण आतून कडी लावून बसला होता. त्याला झटका आला. सगळे बाहेर होते, हाका मारत होते. दार फुटेपर्यंत उशीर झाला.

मामा : गेला?

तपासनीस : गेला.

मामा : तिथं माझ्यासारखा कुणी नसेल. इथं एक खांदा मारला ना, दार आडवं!

तपासनीस : मारा मग.

मामा : आं?

तपासनीस : आपण दोघं बाहेर उभे राहू. ताई कडी लावतील. समजा, खुर्चीवरून पडल्या. तुम्ही आत या.

मामा : दार मोडलं तर?

तपासनीस : मी मोडायला लावलं असं लिहीन.

ताई : मला मजा यायला लागलीये. जा, जा, निघा दोघं. ओढून घ्या दार. ... लावली! मामा, पडले बरं का मी!

मामा : आलो! हं! ... थांब, जरा मागून येतो. हं!

ताई : अजून जिवंत आहे.

मामा : आई गं! खांदा गेला. कुठल्या झाडाचं लाकूड घातलंय हे?

ताई : मामा, आता श्वास लागलाय मला.

मामा : बोलू नकोस तसलं! गॅलरीतल्या खिडकीकडून येतो.

तपासनीस : खिडकीला गज आहेत.

मामा : करवत आणतो. करवत गोदामात आहे. गोदामाची किल्ली... किल्ली साहेबांकडं. साहेब मिटिंगला. ताई, उघड. ऐकतेस का? ए ताई!

तपासनीस : मामा, अहो खोटं आहे हे.

मामा : मग ती बोलत का नाही? ताई! उघड गं. पुरे झालं, उघड!

ताई : हे घे, उघडलं. अरे, तुझा चेहरा बघ! घामाघूम झालास की. गंमत केली मी.

मामा : स्क्रू ड्रायव्हर कुठाय माझा?

ताई : कशाला?

मामा : काढतो. आत्ताच्या आत्ता काढतो ही कडी. गाढव मी, बसवली. सरक.

ताई : हात लावायचा नाही.

मामा : सरक म्हणतो ना! मॅडमचं बरोबर आहे. मी बाहेर बोंबलत राहिलो असतो आणि तू आत... सरक.

तपासनीस : मामा, थांबा.

मामा : आता तुम्ही का थांबवताय? तुम्हालाच काढायची होती ना?

तपासनीस : मी तसं म्हटलेलं नाही अजून. खोली ताईंची आहे, त्यांना विचारायचंय.

मामा : तिला काय विचारता? ती हट्टी आहे. ती म्हणणार...

ताई : बघितलंत? लोक मला विचारतात, उत्तर हा देतो. पुष्कळदा बरोबरही देतो, तेच जास्त वाईट.

तपासनीस : बोला तुम्ही.

ताई : मी फ्रॉकात होते तेव्हापासून अशाच घरांत राहतेय. आधी आठ जणींची खोली होती, मग चौघींची, आता ही एकटीची. पण दार कुणाचंच नव्हतं. झोपले तरी कुणीतरी बघतंय, अंघोळीला कुणीतरी बघतंय. रडले तर दोघी धावत येणार, काय दुखतंय, कुठं दुखतंय, डॉक्टरला बोलावू का? काही दुखत नसतं हो. नुसतं रडायचं असतं. ही कडी लागल्यावर एका दुपारी पहिल्यांदा माझं रडणं शेवटपर्यंत गेलं. मधे कुणी आलं नाही. संपलं, तोंड पुसलं, उघडलं दार.

मामा : कधी? मला नाही सांगितलंस.

ताई : नाहीच सांगितलं.

तपासनीस : आणि खरंच पडलात तर?

ताई : मला मरायचं नाही मॅडम. त्या माणसासारखं तर बिलकुल नाही. मगाशी मी गप्प बसले ना, तेव्हा मीही घाबरले. हा बाहेर धडपडतोय आणि दार हलत नाही. समजतं मला. पण वाचवायला येणाऱ्यासाठी दार उघडं ठेवलं की त्याच दारातून सगळे येतात. केळीवालेसुद्धा.

तपासनीस : ही अशीच ठेवून मी जाऊ शकत नाही. उद्या काही झालं तर मला माहीत होतं आणि मी गेले, असं होईल. बाहेरूनही उघडेल अशी कडी बाजारात मिळते. पंधरा दिवसांत बसवा असं लिहिते. तोवर ही काढू.

ताई : माझ्या खुर्चीचं पुढचं चाक पण पंधरा दिवसांतच येणार होतं.

मामा : ते येतंय अजून. पायी येत असेल.

ताई : काढली की गेली मॅडम. परत लागायची नाही. तुम्हालाही ठाऊक आहे.

तपासनीस : ... ठाऊक आहे.

मामा : मी काय म्हणतो, ही आकड्याची कडी आहे. आकडा वर उचलला की सुटते. बरोबर? आकड्याला दोरी बांधली, आकड्याच्या वर दाराला भोक पाडलं, दोरी त्यातून बाहेर काढली. बाहेरून ओढायची, आकडा वर, दार उघडं!

तपासनीस : आज होईल?

मामा : तुमचा चहा होईपर्यंत.

ताई : आणि दोरी लोंबणार बाहेर. येईल तो ओढून बघणार.

मामा : टोक वर खिळ्याला बांधतो. फक्त मला पोचेल असं.

ताई : तू तर नकोच.

मामा : मी नको?

ताई : तूच पहिला नको.

मामा : हे बरंय! दार ढकलून आले ते कोण, आणि नको कोण तर मी! इतकी वर्षं तुला उचलतोय, ठेवतोय...

ताई : म्हणून तर. दर दोन मिनिटांनी ओढशील. मायेनं ओढशील. परक्यावर मला ओरडता येतं, तुझ्यावर कशी ओरडू? आताही रुसलास बघ.

मामा : मी कशाला रुसू?

ताई : तुझ्यावर भरवसा आहे रे माझा. तुझ्या धीरावर नाही.

तपासनीस : ताई, एकाच्याच हातात ठेवून चालणारही नाही. मामांची सुट्टी असली तर? वेळ पडली तर कुणालाही ओढता आली पाहिजे.

ताई : मग ओढली ते मला कळलं पाहिजे. विजेच्या मीटरला सील असतं ना, तसं काहीतरी. कागदाची पट्टी चिकटवा टोकावर. माझी सही असलेली. दोरी ओढायची तर माझी सही फाडावी लागेल. फाटलेली दिसली की मी विचारणार, का फाडली.

तपासनीस : आणि कुणालाही उत्तर द्यावं लागेल. मॅनेजरांनासुद्धा.

मामा : साहेबांना विचारणार तू?

ताई : का, त्यांना जीभ नाही?

तपासनीस : ठरवून टाकू या. आधी हाक मारायची. उत्तर नाही आलं तर पुन्हा मोठ्यानं. तरी नाही आलं, तर फाडायची.

ताई : आणि मला उत्तरच द्यायचं नसलं तर?

तपासनीस : जा म्हणायचं. तेही उत्तरच आहे.

मामा : जा म्हणाली की जायचं?

तपासनीस : जायचं.

मामा : आतून रडण्याचा आवाज आला तरी?

ताई : तरी, मामा.

मामा : ... भोक पाडायला गिरमीट घेऊन येतो.

(थोड्या वेळानं. कडीच्या वर दाराला भोक पडलंय, दोरी बाहेर आलीये. मामा नि तपासनीस दाराबाहेर आहेत; ताई आत.)

ताई : पडले!

मामा : ओढली! बघा मॅडम, बोट लावलं की उघडलं. लहान पोर उघडेल.

तपासनीस : पुन्हा एकदा करा.

मामा : तीनदा झालं की आता.

तपासनीस : चौथ्यांदा करा. ... हं. ठीक. आता पट्टी.

ताई : आण इकडं. पाटी धर खाली. हलवू नकोस.

मामा : मी नाही हलवत, तुझा हात हलतोय. वाकडी झाली सही.

ताई : सरळ कधी होती? बरंच आहे, कुणाला नक्कल जमायची नाही.

तपासनीस : मी काय लिहितेय ते दोघांनी ऐका. खोलीला आतून कडी आहे, बाहेरून उघडते, मी स्वतः उघडून पाहिली. कायमची कडी पंधरा दिवसांत बसवायची, ती बसेपर्यंत ही काढायची नाही. आणि पाहुण्यांना राहणाऱ्यांच्या खोल्या दाखवणं बंद. हा दोष मात्र मॅनेजरांच्या नावावर. पंधरा दिवसांनी मी येईन. कळवून येणार नाही.

ताई : खालून हाक मारून या म्हणजे झालं.

तपासनीस : या दाराबाहेरून मारीन.

ताई : मामा, खांद्याला तेल लाव. आणि आता निघा दोघं. माझी दुपार झाली.

मामा : पाणी भरून ठेवू का उशाशी?

ताई : आहे.

मामा : पंखा?

ताई : मामा.

मामा : निघालो, निघालो. ओढून घेतो दार. ... लावली बघा. ऐकू आलं? पट्टी नीट बसलीये ना?

तपासनीस : बसलीये. चला, खाली स्वयंपाकघर बघायचं राहिलंय.

मामा : तुम्ही व्हा पुढं. मी जरा जिन्यात...

तपासनीस : चला, मामा.

मामा : काय करत असेल हो ती आत?

तपासनीस : तुम्ही घरी गेलात की दार लावता का?

मामा : लावतो की.

तपासनीस : मग आत काय करता?

मामा : मी? काय करणार? ... बसतो.